तिघांना विचारून

परवा नाशकात एका वाचनालयाचा पत्ता शोधत होते. रिक्षावाल्यानं हात लांब करून सांगितलं, सरळ जा, देवळाशी उजवीकडे. मी मान डोलावली आणि दोन पावलांवरच्या फुलवालीला तेच विचारलं. तिनंही देऊळच सांगितलं. मग समोरून येणाऱ्या पोस्टमनला थांबवलं. बरोबर माझी मुलगी होती. ती म्हणाली, "आई, तुला कुणाचंच खरं वाटत नाही का गं?" मी हसून वेळ मारून नेली. पण ही सवय माझी नाही. ती लेलेकाकांची आहे, आणि ती मी उचलावी एवढा माझा हक्कही नाही.

लेलेकाका मला भेटले ते कोलकात्यात. मी एका सरकारी विमा कंपनीत दावे तपासते, म्हणजे पगार घेऊन संशय घेते. गोदामाला आग लागली म्हणतात. लागली की लावली? गाडी चोरीला गेली म्हणतात. मग दुसरी किल्ली कुठाय? असे प्रश्न विचारण्यात वीस वर्षं गेल्यावर माझी तिकडे बदली झाली आणि मी बालीगंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागले. नवरा पुण्यात, मुलगी बारावीत, तीही तिकडेच. त्यामुळे माझा संसार म्हणजे मी आणि एक तीन लिटरचा कुकर.

दिवाळीनंतर तिथल्या मराठी लोकांचा फराळाचा कार्यक्रम होता. गर्दीत एक उंच, काटकुळे गृहस्थ ताटातली चकली खिडकीच्या उजेडात धरून निरखत उभे होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. माझ्याकडे वळून त्यांनी एकच प्रश्न केला.

"किती वर्षं?"

"कशाची?"

"बदली. किती वर्षांची?"

"तीन."

"हं," ते म्हणाले आणि चकली खाऊन टाकली. 

शेजारी त्यांची बायको उभी होती. बुटकी, गोरी, बोलकी. "मनावर घेऊ नका," काकू म्हणाल्या. "फोर्ट विल्यमला एक मेजर होते, ते अडीच म्हणाले, तर यांनी वर्षभर त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. मी लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा मलाही हाच प्रश्न केला होता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बघू."

काकांचा जन्म कोलकात्यातला, शाळा तिथली, नोकरी तिथली. त्यांची मराठी आपल्या आजोबांच्या पत्रातली असावी तशी स्वच्छ, फक्त मधेच एखादा बंगाली खडा लागे. घरी गेलं की विचारत, "चहा खाणार?" बंगालीत चहाही खातात, पाणीही खातात. काकूंनी पन्नास वर्षं दुरुस्त करून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

ते एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. जन्मभर रेघा मारल्यामुळे दुसऱ्यानं मारलेल्या रेघेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कोणी फोनवरचा नकाशा दाखवला की चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हा कुणी काढला? नाव काय त्याचं? तो इथनं चालला होता का?"  मग समोरच्याचा फोन गुपचूप खिशात जाई.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी काका आम्हा पाचसहा मराठी मंडळींना कोलकात्याबाहेर चालायला नेत. नदीचे बांध, कालव्यांच्या कडा, भातशेतांमधल्या वाटा. अट एकच, जायचं यायचं सरकारी नाहीतर खाजगी, पण सर्वांच्या बसनं. एकदा बँकेतल्या एका साहेबांनी स्वतःची गाडी काढायची तयारी दाखवली, तर काका म्हणाले, "गाडीनं गेलात की गाडीपाशी परत यावं लागतं. मग ती वाट कसली, ती फेरी." नदीकाठच्या बजबजला लोकल जाते, ती जलद पडते, हे कोणीतरी सुचवलं. त्यावर म्हणाले, "लोकल स्टेशनला जाते. आपल्याला गावात जायचंय."

बँकेतल्या त्याच साहेबांनी पहिल्याच रविवारी नाक मुरडलं होतं. सह्याद्रीत वाढलेला माणूस. "इथे डोंगरच नाही, तर ट्रेक कसला?"

"डोंगरावर कोण चुकतं?" काका म्हणाले. "वर दिसतोच. चढायचं. सपाटीवर चुकून दाखवा."

दुपारपर्यंत साहेब तीनदा चुकले.

काकांच्या संशयाला सगळे सारखे होते. बसच्या पाटीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ती कधी रंगवली ते माहीत नाही. कंडक्टरवर तर मुळीच नव्हता. शेवटची बस किती वाजता, हे ते आधी कंडक्टरला विचारत, मग स्टॉपवरच्या चहावाल्याला, मग रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला. मी एकदा म्हटलं, "काका, रोज त्याच रस्त्यानं जाणारा कंडक्टर खोटं कशाला बोलेल?"

"खोटं नाही बोलत. पण तो सांगतो ती त्याची घरी जायची वेळ."

वाट विचारायचीही हीच तऱ्हा. तिघांना विचारायचं. एक बसलेला, एक काम करत असलेला, एक चालत असलेला. बसलेल्याला वेळ असतो, म्हणून तो जास्त सांगतो. काम करणारा कमी सांगतो. चालणारा स्वतः जिकडे चाललाय तिकडचंच सांगतो. तिघांचं जुळलं की ते खांद्यावरच्या पिशवीतून एक लांबट वही काढत, काहीतरी लिहीत, आणि मगच निघत. डिसेंबर लागला की डोक्यावर माकडटोपी चढे. माकडटोपीतला उंच म्हातारा, छत्री टेकत, गावातल्या प्रत्येकाला वाट विचारत चाललाय, असं ते दृश्य असे. गावातली पोरं हसत. आम्हीही मागून हसत असू.

अशी माणसं मला आवडतात असं नाही, पण ती मला कळतात. संशयी माणूस संशयी माणसाला चटकन ओळखतो. आणि तिसऱ्या हिवाळ्यात काकांबद्दल माझ्या मनात एक शंका आली, ती होगलाखालीला.

होगलाखाली हे बजबजच्या पुढचं नदीकाठचं गाव. आमच्या भागातून एक बस, मग तारातल्याच्या नाक्यावर उतरून दुसरी. ज्यूट मिलच्या चिमण्या मागे पडतात, तेलाच्या टाक्या संपतात, मग तळी, केळी आणि होगला नावाचं उंच पाणगवत. काका नेहमी एक स्टॉप आधी, मनसातल्याला उतरवत आणि उरलेलं सडकेनं चालवत. होगलाखालीच्या स्टॉपसमोर वडाखाली निमाई मंडल नावाचा म्हातारा जाळी विणत बसलेला असे. तिथे दोन फाटे. उजवा विटांचा, चांगला रुंद, वीटभट्टीपाशी जाऊन संपणारा. डावा मातीचा, दोन माणसं जेमतेम जातील एवढा. तो तळ्यांच्या मधून, एका बांबूच्या पुलावरून नदीच्या घाटावर जातो.

काकांनी निमाईला विचारलं, "घाटला कुठून?" त्यानं जाळ्यातून मान वर न काढता डावीकडे बोट केलं. एका बाईनं धान पाखडता पाखडता डावीकडे मान केली. मग काका चालायला लागले, आणि उजवीकडे वळले.

मागून निमाई ओरडला, "ओदिके ना, ओदिके ना! बां दिके!" तिकडे नाही, डावीकडे. चहावाला ओरडला. सायकलवरून चाललेला एकजण पाय टेकून ओरडला. काका गडबडल्यासारखे परत फिरले, हात जोडले, वही काढून लिहिलं आणि डावीकडे निघाले.

बाकीचे हसले. मीही आधी हसले, मग थांबले. कारण पुढे बांबूच्या पुलावर एक बांबू सुटलेला होता, आणि तिथे येण्याआधीच काका म्हणाले होते, "पुढे डाव्या बाजूनं चाला, उजवा बांबू हलतो."

ज्याला पुलाचा कुठला बांबू हलतो ते माहीत आहे, त्याला वाट माहीत नाही? माझ्या धंद्यात अशा ठिकाणी लाल पेन्सिलीनं रेघ मारतात.

मग मी बघायला लागले. आणि एकदा बघायला लागलं की दिसतंच. ते पावलं मोजत चालत. वहीत गावकऱ्यांची नावं, वयं लिहीत. एक स्टॉप आधी उतरत, म्हणजे स्टॉपवरच्या लोकांना कळू नये की शहरातून कोण आलंय. आणि होगलाखालीच्या त्या मातीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना नंबर घातलेले विटांचे खांब उभे होते. सडकेवर मोठा फलक होता, त्यावर बंगल्याचं आणि पोहण्याच्या तलावाचं चित्र. कोणीतरी तिथे प्लॉट पाडत होतं.

त्यात एकदा काकू सहज बोलून गेल्या, "बुधवारी एकटेच कुठेतरी जातात. विचारलं तर म्हणतात, तपासायला. काय तपासतात देव जाणे."

झालं. माझ्या डोक्यात अहवाल तयार झाला. आम्हा बदलीवाल्यांना रविवारची सहल म्हणून न्यायचं, बायकामाणसं बरोबर असली की गावकरी मोकळेपणानं बोलतात, आणि त्यांच्याकडून जमिनीची माहिती काढायची. लेलेकाका जमिनीचे दलाल होते. एवढ्या साध्या माणसाबद्दल असं वाटताना मला वाईट वाटलं, हे खरं. पण खोटे दावे करणारी माणसं साधीच असतात, हेही वीस वर्षांत शिकले होते.

एका सोमवारी रजा टाकून मी एकटी होगलाखालीला गेले. सरळ गावाच्याच स्टॉपवर उतरले. निळी ओढणी, हातात ऑफिसची डायरी. आणि ऑफिसात विचारतो तसं निमाईला, त्याच्या सुनेला, चहावाल्याला माझ्या मोडक्या बंगालीत विचारलं. ते छत्रीवाले बाबू इथे का येतात? तुमची नावं लिहितात ती कशासाठी? जागा कुणाची ते विचारतात का? कुठे सही घेतली का? प्लॉटवाल्यांशी त्यांचं बोलणं होतं का?

निमाई ऐकत राहिला. एकाही प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं नाही. पण त्याचे हात थांबले, तेवढं मी पाहिलं. सुनेनं आत जाऊन दार ओढून घेतलं. आमच्या धंद्यात म्हणतात, प्रश्न विचारला की निम्मा निकाल लागतो. मी परतीच्या बसमध्ये डायरीत लिहिलं, काही निष्पन्न झालं नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो. वडाखाली निमाई होता. काकांनी विचारलं, "घाटला कुठून?"

"जानि ना," निमाई म्हणाला. माहीत नाही.

सत्तर वर्षं त्या वडाखाली बसलेला माणूस. काकांना आधी वाटलं त्याला ऐकू आलं नसेल. त्यांनी परत विचारलं. निमाई उठला, जाळं गोळा केलं आणि घरात गेला. धान पाखडणारी बाई सुपाकडे बघत राहिली. चहावाल्यानं पाठ केली.  मग काका उजवीकडे, चुकीच्या फाट्यानं चालायला लागले. दहा पावलं, वीस, पन्नास. कोणी ओरडलं नाही. शेवटी आमच्यातल्याच कुणीतरी हाक मारून त्यांना परत बोलावलं.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. माकडटोपी काढून हातात पिळत होते.

"कोणीतरी येऊन गेलंय," म्हणाले. "निघताना चहावाला एवढंच म्हणाला, शहरातली एक बाई. प्लॉटवाल्यांचीच असणार. तुमचा तर धंदाच हा. जरा शोध काढाल?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बस ज्यूट मिलच्या भिंतीशेजारून चालली होती, कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता, आणि मला पहिल्यांदाच स्वतःच्या कामाची किळस आली. कारण मनातून मला कळलं होतं, की हा माणूस दलाल नाही. दलालाचं काम फिसकटलं तर तो चिडतो. काका नुसतीच टोपी पिळत होते.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "काही शोध?" मी म्हटलं, चालू आहे. आणखी आठ दिवसांनी परत. मग मात्र माझ्यानं राहवेना. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा आणला. मी तो घेतला नाही.

"काका, ती बाई मी होते."

काकूंचा हात तोंडाशी गेला. काका पंख्याकडे बघत होते.

"माहीत आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"त्या बुधवारी परत गेलो होतो. वाटेबद्दल कुणी बोलेना, पण बाईचं विचारल्यावर बोलले. निमाईच्या सुनेनं सांगितलं, पायरीवर बसल्या बसल्या. चहावाल्यानं सांगितलं, कप विसळताना. मग सायकलवाला भेटला, त्यानंही. निळी ओढणी, डायरी, बंगाली भयंकर. तिघांचं जुळलं."

"मग मला फोन करून शोध लागला का म्हणून कशाला विचारत होतात?"

 "मला वाटलं, तुम्ही दुसरंच कुणीतरी शोधून काढाल," म्हणाले. "वहीत नाही लिहिलं मी ते. तिघांनी सांगूनही न लिहिलेलं तेवढं एकच."

मी रडले. चांगली पन्नाशीला टेकलेली बाई, परक्याच्या घरी, हुंदके देऊन. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण माझी बाजू त्यांनी घेतली नाही. "अगं, आधी आम्हाला विचारायचंस," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

मग काकांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. तारीख, नाव, वय, बसलेला की चालणारा, आणि त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे. 'निमाई मंडल, बसलेला. डावीकडे बोट.' 'सायकलवाला, नाव सांगितलं नाही. ओरडला, बां दिके.' पानंच्या पानं. पंधरा गावं, वीसबावीस वाटा.

"हे कशासाठी?"

"या वाटा कुठे कागदावर नाहीत," ते म्हणाले. "लोक चालतात म्हणून आहेत. विचारलं की लोक सांगतात. सांगत राहिले की त्यांच्या तोंडी राहते. कुणी विचारेनासं झालं, की एक दिवस पत्रा ठोकतात आणि म्हणतात, इथे वाट नव्हतीच. होगलाखालीला पंचायतीची माणसं येणार आहेत, हिवाळा संपताना. ती विचारतील, घाटला वाट आहे का? तेव्हा गावातल्या कुणीतरी न घाबरता डावीकडे बोट करायला हवं. मी सांगून चालणार नाही, मी बाहेरचा. म्हणून सराव."

"आणि उजवीकडे वळणं?"

आता ते जरासे हसले. "विचारलं तर माणूस विचार करून सांगतो. चुकताना बघितलं की ओरडतो. ओरडलेलं जास्त खरं."

एक स्टॉप आधी का उतरायचं, तेही मी विचारून घेतलं. बसमधून उतरलेला माणूस दिसला की गाव त्याला पाहुणा म्हणून बघतं, चालत आलेल्याला वाट दाखवतं, म्हणाले. माझ्या अहवालातली एकेक लाल रेघ अशी पुसली गेली. मी सुचवलं, आम्ही सगळे जाऊन सांगतो पंचायतीला, की आम्ही इथून चाललोय. त्यांनी मान हलवली.

"बदलीवाल्याचं लिहून काय उपयोग? विचारायला येतील तेव्हा तुम्ही इंदूरला नाहीतर आणखी कुठे."

फेब्रुवारीत माझ्या बदलीचा हुकूम आला, मुदतीआधीच. काकांना फोन केला तर म्हणाले, "किती झाली?"

"दोन वर्षं चार महिने."

"हं."

पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच विचारलं, होगलाखालीला येता का. दोघंच गेलो. मनसातल्याला उतरलो, सडकेनं चाललो. वाटेच्या तोंडाशी आता पत्रे येऊन पडले होते, ठोकायचे बाकी होते. वडाखाली निमाई जाळी विणत होता. काकांनी त्याला नमस्कार केला, काही विचारलं नाही, आणि उजवीकडे वळून चालायला लागले. मी वडाशी उभी राहिले. निमाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यानं मान खाली घातली.

काका खरोखरच वीटभट्टीपर्यंत गेले. तेवढ्या वेळात मी निमाईपुढे उकिडवी बसले आणि त्या भयंकर बंगालीत सांगितलं, की दादा, त्या दिवशी मी चुकीचं विचारलं, तो माणूस चांगला आहे, वाईट विचार माझ्या मनात होता.

निमाई जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "के भालो, के खाराप, आमरा की कोरे बुझबो, दीदी?" कोण चांगलं, कोण वाईट, आम्हाला कसं कळणार? तो रागावून बोलत नव्हता. आधी एकजण चित्राचा फलक घेऊन आला, मग मी डायरी घेऊन आले, आणि वही घेऊन एकजण वर्षानुवर्षं येतोच आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही जानि ना म्हटलं असतं.

काका परत आले तेव्हा त्यांचे कॅनव्हासचे बूट विटांच्या धुळीनं लाल झाले होते. आम्ही पत्रे ओलांडून घाटावर गेलो. उकडलेली अंडी आणि माझी थालीपिठं खाल्ली. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं. समोरून एक गाळ भरलेली होडी चालली होती. काका म्हणाले, "नऊ वर्षांचा होतो. वडील इथे घेऊन आले, असेच बसनं. त्यांना बंगाली येत नव्हतं. इथल्या माणसानं हात धरून घाटावर आणून सोडलं." मग थोड्या वेळानं, "या मुलखात माझं शेत नाही. घर भाड्याचं. माझं म्हणून काही असलं तर या वाटा. त्याही लोकांनी दाखवल्या तर."

 बोलण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

आम्ही स्टॉपवर परतलो तेवढ्यात दुपारी एकची बस आली. माझं सामान बांधायचं राहिलं होतं. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. इथून चारला एक बस आहे म्हणतात. खरंच आहे का बघतो." निरोप वगैरे त्यांना जमत नसे. त्यांनी छत्री जरा उचलली आणि निघाले. मी बायकांच्या बाजूला खिडकीशी बसले. बस माणसं भरायला थांबली होती.

खिडकीतून वड दिसत होता. काका फाट्याशी थांबले, टोपी सारखी केली, आणि परत उजवीकडे वळले. अगदी सावकाश. एक पाऊल टाकायचे, थांबायचे. पाठ आमच्याकडे होती, पण मान जराशी कलती होती, कान मागे देऊन चालल्यासारखी. निमाई बघत होता. चहावाला बघत होता. कोणी बोलेना. बस सुरू झाली.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि जीव खाऊन ओरडले, "ओ काका! ओदिके ना! बां दिके! घाट बां दिके!"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. दारात लटकलेल्या कंडक्टरला काका कोण, घाट कुठला, काही माहीत नव्हतं. पण म्हातारा चुकतोय एवढं त्याला कळलं. तो पत्र्यावर थापा मारत ओरडला, "ओ दादू! बां दिके, बां दिके!"

काका थांबले. मागे वळून बघितलं नाही. पिशवीत हात घालून वही काढली, छत्री काखेत मारली आणि उभ्या उभ्या लिहायला लागले.

बसलेली मी, काम करणारा कंडक्टर. दोन झाले. तिसरा कोणी ओरडला का, ते मला ऐकू आलं नाही. बस वळली होती.